एकदा आणि एकदाही नाही

ट्रॉय, मिशिगन

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

तुझी यादी मिळाली. उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या NHL लीगमध्ये मोसम संपल्यावर पत्रकारांच्या मतांनी जे दोन ऑल-स्टार संघ जाहीर होतात, त्यांत कोण किती वेळा आलं हे सगळं मांडून तू शेवटी निकालही लावून टाकलास. आमच्या डेट्रॉइटचा स्टीव्ह आयझरमन एकदाच, तुमचा रॉन फ्रान्सिस एकदाही नाही. कारकिर्दीतले पॉइंट्स (म्हणजे स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलला पास देऊन केलेले असिस्ट मिळून) फ्रान्सिसचे 1798 आणि आयझरमनचे 1755. म्हणून दोघं एकाच तोडीचे, डेट्रॉइटवाल्यांनीच आपल्या कॅप्टनला उगाच देव्हाऱ्यात बसवलंय! रॉलेत, फ्रान्सिसच्या कॅरोलायना संघाच्या गावात, राहून तू दुसरं काय म्हणणार म्हणा. पण लेका, हिशेब कच्चा आहे.

पत्रकार मतं देतात तेव्हा जागा ठरलेल्या असतात. एका संघात गोली एक, डिफेन्समन दोन, डाव्या-उजव्या बाजूंना दोन विंगर आणि मधोमध खेळणारा सेंटर एकच; आयझरमन आणि फ्रान्सिस दोघंही सेंटर. म्हणजे अख्ख्या लीगमधून वर्षाला फक्त दोन सेंटर. आणि आयझरमनच्या ऐन उमेदीत त्या जागेवर वेन ग्रेट्स्की आणि मारिओ लेम्यू हे दोन दिग्गज बसलेले!

1988-89 चा मोसम काढून बघ. आयझरमनचे 65 गोल, 90 असिस्ट, एकूण 155. ते दोघं सोडले तर एका मोसमात इतके पॉइंट्स कुणालाच जमलेले नाहीत; आजच्या पिढीचा कॉनर मॅकडेव्हिडसुद्धा 2022-23 मध्ये 153 वर थांबला. तरी आयझरमन बाहेर, कारण लेम्यूचे 199 आणि ग्रेट्स्कीचे 168. लॉस एंजेलिसचा बर्नी निकोल्स 150 करून तोही बाहेर. आता त्याच वर्षीच्या दुसऱ्या संघाचा लेफ्ट विंगर बघ. जेरार्ड गॅलंट, 93 पॉइंट्स. डेट्रॉइटचाच, आणि आयझरमनच्याच लाइनवर, म्हणजे एकत्र उतरणाऱ्या तिघांत, खेळणारा! त्याच्या जोडीला खेळून गॅलंट आत आणि तो स्वतः बाहेर. पत्रकारांचा तसा दोष नाही, जागाच नव्हती. पण खेळाडू स्वतः मतं देऊन जो पिअर्सन पुरस्कार द्यायचे (2010 पासून त्याचं नाव टेड लिंडसे पुरस्कार), तो त्या वर्षी त्यांनी आयझरमनला दिला. बर्फावर ज्यांनी त्याला अंगावर घेतलं त्यांचं मत मला जास्त वजनदार वाटतं.

आता तो एकदा आला ते कधी? 2000 साली, पहिल्या संघात, अवघ्या 79 पॉइंट्सवर. ग्रेट्स्की आणि लेम्यू दोघंही तेव्हा निवृत्त झालेले. वासरांत लंगडी गाय शहाणी, असं तू म्हणणार हे ठाऊक आहे, आणि थोडंफार ते खरंही आहे. पण तोवर कोच स्कॉटी बोमनच्या हाताखाली त्याचा खेळच पालटला होता. गोलांची हौस मागे ठेवून तो आपल्या गोलपोस्टकडे धावत परतायला शिकला होता. बचावात उत्तम फॉरवर्डला मिळणारी सेल्की ट्रॉफी त्याच वर्षी त्याला मिळाली. डेट्रॉइटला 1997 आणि 1998 चे स्टॅनले कप, म्हणजे लीगची विजेतेपदं, मिळाली ती या आयझरमनच्या काळात, 155 वाल्याच्या नव्हे.

फ्रान्सिसला मी कमी लेखत नाही. जागा तीच, रांग तीच, वर पिट्सबर्गमध्ये लेम्यू त्याच्याच संघात. असिस्टमध्ये ग्रेट्स्कीच्या खालोखाल आजही त्याचंच नाव, 1249. पण 23 मोसमांत त्याचा सर्वांत मोठा आकडा 119. तो मोठा झाला तो टिकून राहिल्यामुळे, कुठल्या एका वर्षामुळे नाही. आयझरमनला जागा मिळाली नाही. फ्रान्सिसने ती कधी मागितलीच नाही, असं मी म्हणेन.

नुसते आकडे मोजायचे तर या संघांत बॉस्टनचे दोन डिफेन्समन बघ: बॉबी ऑर 9 वेळा आणि रे बोर्क 19 वेळा. बॉस्टनमध्ये जाऊन बोर्क मोठा म्हणून दाखव बरं! ऑरचे गुडघेच गेले, त्याला वर्षं मिळाली कुठे? आमच्या डेट्रॉइटच्या जुन्या राइट विंगर गॉर्डी हाऊचे 21 मात्र मला मान्य; इतकी वर्षं वरच्या दोघांत राहणं हा चमत्कारच. आणि मतदारांचं म्हणशील, तर 2013 मध्ये त्यांनी वॉशिंग्टनच्या ओव्हेच्किनला पहिल्या संघात राइट विंग आणि दुसऱ्या संघात लेफ्ट विंग अशा दोन्हीकडे निवडून ठेवलं. तो त्या मोसमात उजवीकडे सरकलाय हे अर्ध्यांच्या गावीच नव्हतं.

राहता राहिली 2002 ची स्टॅनले कपची अंतिम मालिका, डेट्रॉइट विरुद्ध कॅरोलायना. दोघं कॅप्टन समोरासमोर. पहिल्या लढतीत ओव्हरटाइमच्या 58 व्या सेकंदाला फ्रान्सिसने गोल मारला, तो तू आयुष्यभर ऐकवणार आहेस, ऐकव. पुढच्या चारही आम्ही जिंकल्या, आणि आमचा कॅप्टन तेव्हा कामातून गेलेल्या गुडघ्यावर खेळत होता. त्याचं उत्तर पाठव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
अण्णा