कारला टोलमाफी, बसला भाडेवाढ

प्रति,
मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

मुंबईत ‘गाडी’ म्हणजे लोकल. ‘माझी आठ सतराची गाडी चुकली’ म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. मी मुलुंडला राहते आणि तेवीस वर्षं याच गाडीने नोकरीला जाते. आमच्याकडे कार नाही. परवडत नाही म्हणून नव्हे, तिच्यावाचून कधी अडलं नाही म्हणून. आता मात्र सोसायटीत कुणी ‘तुमची गाडी कुठली?’ असं विचारलं, तर त्याला कारच म्हणायची असते.

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर कारचा टोल बंद झाला. त्यात आमचा मुलुंडचा नाकाही आला. एका खेपेचे ४५ रुपये वाचले. सात महिन्यांनी, मे २०२५ मध्ये, बेस्टचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० झालं आणि वातानुकूलित बसचं ६ वरून १२. बेस्ट तोट्यात आहे हे मला ठाऊक आहे. पण चार घरची धुणीभांडी करायला बसने जाणाऱ्या बाईला रोज जाऊन-येऊन दहा रुपये जास्त मोजावे लागतात आणि त्याच शहरात एकटा माणूस बसलेली कार नाका फुकट ओलांडते, हे मला पटत नाही. टोल जायला एक रात्र पुरली. म्हणजे सरकारने मनावर घेतलं तर होतं.

दहा-पंधरा वर्षांपूर्वी बेस्टकडे चार हजारांहून जास्त बस होत्या. २०२५ मध्ये त्या तीन हजारांच्याही खाली आल्या. जुन्या बस भंगारात निघाल्या, त्यांची जागा भाडेतत्त्वावरच्या बसनी पुरती भरून काढली नाही. दुसरीकडे दहा-साडेदहा किलोमीटरच्या किनारी रस्त्यावर तेरा हजार कोटींहून अधिक खर्च झाले. भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पोचली याचा मला मनापासून आनंद आहे. पण घरापासून स्टेशनपर्यंत न्यायला बसच नसेल, तर माणूस मेट्रोपर्यंत पोचणार कसा?

माझी आई ७६ वर्षांची आहे. गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. मंडई आमच्या घरापासून सात मिनिटांवर, पण फुटपाथवर कार लावलेल्या, म्हणून तिला रस्त्यावर उतरून चालावं लागतं. मागून हॉर्न वाजला की ती माझा दंड घट्ट धरते. गेल्या पावसाळ्यापासून तिने मंडईत जाणंच सोडलं. भाजी मी आणते, त्याचं काही नाही. पण तिथल्या भाजीवालीशी तिची तीस वर्षांची ओळख होती, ती तुटली.

म्हणूनच पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या कारची नोंदणी नाही, असं तुम्ही २०२५ मध्ये बोललात तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. त्यावर ओरड होणारच. कृपया मागे हटू नका. आमच्यासारखे लाखो लोक या नियमाच्या बाजूने आहेत, फक्त आमची संघटना नाही.

त्याच्या जोडीला दोन गोष्टी हव्यात. रस्त्यावरच्या पार्किंगचं शुल्क वाढवा आणि तो पैसा थेट बसला द्या. आणि पूर्व द्रुतगती महामार्गावर गर्दीच्या वेळी एक मार्गिका फक्त बससाठी ठेवा. साठ माणसांची बस एकेकट्या माणसांच्या कारमागे अडकून पडू नये, एवढंच.

माझा मुलगा यंदा नोकरीला लागला. हप्त्यावर कार घेऊ का, असं तो परवा विचारत होता. मी त्याला दिवाळीपर्यंत थांब म्हटलंय.

आपली,
मुलुंड पूर्वेची एक रहिवासी