टाईम ऑफिसवाल्या काकांना, रजेच्या पैशाबद्दल थँक्यू

काका, नमस्कार.

नाव घालू नको म्हणालात म्हणून घालत नाही, पण मिलच्या टाईम ऑफिसला, म्हणजे कामगारांची हजेरी ठेवतात तिथं, जन्म गेलेला आणि घरातसुद्धा खिशाला दोन पेनं लावून बसणारा माणूस म्हणलं की आपल्या पेठेत निम्म्या लोकांना कळतंयच कोण ते. तोंडावर थँक्यू म्हणलं की तुम्ही "बरं बरं, चहा घेतलीस का" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहूनच टाकते. आणि सगळ्यांसमोर लिहिते कारण सोलापुरात टॉवेलच्या नाहीतर चादरीच्या कारखान्यात काम करणाऱ्या कितीतरी बायकांना अजून माहीतच नाहीये की काम सोडताना शिल्लक राहिलेल्या पगारी रजेचे पैसे हक्काचे असतात.

2025 च्या दिवाळीच्या आधी मी कारखान्यातलं चेकिंगचं, म्हणजे माल तपासायचं काम सोडलं. कारखान्याचं नाव राहू दे, मालक काही वाईट माणूस नव्हता, ऑफिसमधल्या साहेबांना कुणी विचारायची सवयच नव्हती एवढंच. चालू महिन्याचा पगार हातात दिला, रजिस्टरवर सही घेतली आणि संपलं. मी रजेचं विचारलं तर म्हणले, "तू तुझ्या मनानं सोडलीस ना, आम्ही काढलं असतं तर बघितलं असतं." वर अजून एक, "यंदा तुझे 240 दिवस पण भरले नाहीत." इतकं ठाम बोलले की समोरच्याला खरंच वाटावं, आणि आमच्या टेबलावरच्या सगळ्याजणी पण हेच म्हणायच्या, आपण सोडलं की आपलं सगळं गेलं. घरी आईला सांगितलं, आई काकूंना बोलली, आणि संध्याकाळी तुमचा निरोप, पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन ये आणि हजेरी कुठं लिहून ठेवली असेल तर ते पण आण.

माझी हजेरी कालनिर्णयवर. दुधाच्या हिशोबाशेजारी, ज्या दिवशी खाडा त्या दिवशी फुली, आणि कारखाना बंद ठेवला असेल तर "बं". तुम्ही ते 2024 आणि 2025 दोन्ही कॅलेंडर मांडीवर घेऊन एकेक पान उलटत जे बसलात, काकू दोनदा जेवायला बोलावून गेल्या तरी उठला नाहीत. वहीत तीन रकाने आखले, भरलेले दिवस, खाडे, बंद, आणि मलाच बेरीज करायला लावली, मी म्हणलं काका मोबाईलवर करते पटकन, तर म्हणालात कागदावर कर, उद्या साहेबानं विचारलं तर कागद दाखवता येतो.

मग ते फॅक्टरी ऍक्टचं जुनं पुस्तक काढलंत, तेव्हा लागू असलेला 1948 चा कायदा, कलम 79. तुम्ही सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते, चुकलं तर फोन करा. एका वर्षात 240 दिवस काम भरलं की पुढच्या वर्षी पगारी रजा मिळते, दर 20 दिवसाला एक. म्हणजे समजा 270 दिवस भरले तर साडेतेरा, आणि अर्धा किंवा अर्ध्याच्या वर असलं तर पूर्ण एक धरायचा म्हणून 14. घेतली नाही तर पुढच्या वर्षात जाते, पण साठून साठून 30 च्या वर नाही. आणि ऑर्डर नाही म्हणून रीतसर ले-ऑफ देऊन लूम बंद ठेवले तर ते दिवस 240 च्या मोजणीत धरतात, फक्त त्या दिवसांवर वेगळी रजा चढत नाही. बाळंतपणाच्या रजेचं पण तसंच, त्या कायद्यात बारा आठवड्यांपर्यंत. आमच्याकडं बंद म्हणजे गैरहजर असंच सगळे धरून चालायचे, आणि त्यात कितीजणींचे 240 कागदावर हुकले असतील देव जाणे.

आता साहेबांचं जे म्हणणं होतं त्याला उत्तर त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात निघालं. कामावरून काढलं, स्वतः सोडलं, रिटायर झालं किंवा माणूस वारला, काहीही होऊ दे, त्या वर्षी जेवढे दिवस काम केलं त्याच्या हिशोबानं रजेचे पैसे द्यायचे, आणि इथं 240 ची अट लावायची नाही. काढलं किंवा सोडलं तर दुसरा कामाचा दिवस संपायच्या आत, रिटायर झाला किंवा वारला तर दोन महिन्यांच्या आत, आणि वारल्यावर ते पैसे वारसाला. हे तुम्ही वाचून दाखवलं तेव्हा मला आमच्या पॅकिंगमधल्या एका दादांच्या बायकोची आठवण झाली, ते गेल्यावर ती फक्त पीएफच्या मागे फिरत होती, हे तिला कुणी बोललंच नाही.

ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात म्हणून लोकांना वाटतं रजेच्या पैशाला पण तसंच काहीतरी असणार. नसतं. हे दोन वेगळे विषय आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

पण खरी गंमत दराची होती. मी समजत होते दिवस कळले की झालं. तुम्ही विचारलंत, "एका दिवसाचे किती लावणार ते?" मी म्हणलं बेसिक भागिले 30. तर हसलात. कलम 80 काढलंत. सुट्टी लागायच्या आधीच्या महिन्यात प्रत्यक्ष कामाचे जेवढे दिवस, त्या दिवसांची एकूण कमाई, महागाई भत्ता धरून, ओव्हरटाईम आणि बोनस सोडून, आणि तिला त्याच दिवसांनी भागायचं. तुमचंच उदाहरण टाकते, बेसिक 9,000 आहे, भत्त्यासकट 13,000 होतात, हजेरी 26. बेसिक भागिले 30 केलं तर दिवसाला 300 आणि कायद्याप्रमाणं 500. चौदा दिवसांचे 4,200 की 7,000, एवढा फरक नुसत्या भागाकारात. ऑफिसवाल्यांनी मुद्दाम केलं असतं असं मी म्हणत नाही, पण बेसिक भागिले 30 हे सगळ्यांच्या डोक्यात इतकं बसलंय की पैसे देणारा पण खूश आणि घेणारी पण खूश.

अर्ज तुम्ही लिहिला नाहीत, मला लिहायला लावलात, आणि त्यात "कृपया मदत करावी" घातलं होतं ते खोडलंत. म्हणालात भीक नाही मागायलीस, दिवस लिही, दर लिही, कलम लिही, खाली सही कर. दोन कॉपी, एकीवर पोच. वॉचमननं पोच द्यायला नाही म्हणलं तर रजिस्टर एडी करू म्हणालात आणि पोस्टात गेल्यावर काउंटरवरच्या ताईंनी सांगितलं की रजिस्टर आता स्पीड पोस्टमधेच गेलंय, सप्टेंबरपासून. तुम्हाला ते अजून पटलेलं नाही हे मला माहितीये 😄

नाही दिलं तर पुढं काय ते पण वहीत लिहून दिलंत, रजेचे पैसे थकले तर ते थकलेल्या पगारासारखेच, तेव्हाच्या 1936 च्या पेमेंट ऑफ वेजेस ऍक्टखाली क्लेम लावता यायचा. तिथपर्यंत जायची वेळ आली नाही. ऑफिसमधून फोन आला, साहेबांनी वही बघितली, एका खाड्यावरून थोडा वाद घातला, कालनिर्णय दाखवलं, गप्प बसले, आणि पैसे खात्यात आले. फार मोठी रक्कम नाही, पोराच्या क्लासची फी गेली आणि वर थोडे राहिले. पण माझ्यानंतर शिलाईच्या टेबलावरची एकजण सोडून गेली तिला न मागता मिळाले, हे मला जास्त बरं वाटलं.

मधल्या काळात नियम बदललेत ते पण लिहिते, नाहीतर कुणीतरी माझं वाचून जुनंच घेऊन बसेल. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नवीन लेबर कोड, म्हणजे कामगारांचे नवे कायदे, लागू झाले. त्यात पगारी रजेसाठी 240 च्या जागी 180 दिवस झाले, 20 ला एक आणि पुढं न्यायला 30 हे तसंच आहे. नोकरी सोडली तरी पगाराचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत. तुम्ही म्हणालात कोड आला तरी वहीतले तीन रकाने तेच राहणार, ते मला पटलं, म्हणून यंदाच्या कालनिर्णयवर पण फुल्या चालू आहेत, नवीन ठिकाणी.

आता एक काम. माझी नणंद नवी पेठेत कपड्याच्या दुकानात आहे, तिथं विसाच्या वर माणसं आहेत, आणि ती उन्हाळ्यात सोडणार आहे. दुकानाला महाराष्ट्राचा 2017 चा वेगळा कायदा आहे, त्यात 45 दिवसांपर्यंत रजा साठते आणि वर्षाला आठ किरकोळ रजा मिळतात पण त्या नाही घेतल्या तर वर्षाअखेर बुडतात, एवढं तुमच्याकडूनच ऐकलेलं मी तिला सांगितलंय. तिचा प्रॉब्लेम असा की तिनं हजेरी कुठंच लिहिलेली नाही, फक्त बँकेत पगार आल्याचे मेसेज आहेत. रविवारी दुपारी तिला घेऊन येते. काकूंना सांगा जेवायचं आधीच उरकून घ्या म्हणून.

तुमची,
मागच्या वाड्यातली चेकिंगवाली