पृथ्वीचं राहू द्या, आमच्या माळाचं बोला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला पानभर लेख वाचला. दुसऱ्यांदाही वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं की माझंच काही चुकतंय. लेखकमहाशय म्हणतात, काळजीचं कारण नाही, पृथ्वीने पाच महाविनाश, म्हणजे बहुतेक जीवजाती एकदम नामशेष होण्याचे प्रसंग, पचवले आहेत, सहावाही पचवेल. माणूस राहिला तर राहिला, नाहीतर निसर्ग स्वतःला सावरून घेईल. वा! आम्हाला तर हे वाचून अगदी हलकं वाटलं. आमच्या माळावरून गिधाडं कशी गेली तेवढं सांगतो.

महाविनाशाचं आम्हाला कौतुक सांगू नये. आमचं घर ज्या काळ्या कातळावर उभं आहे तोच मुळी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. डायनासोर गेले त्याच सुमाराचा. पृथ्वी सावरली, खरं आहे. पण सावरायला तिला लाखो वर्षं लागली, आणि मला पुढच्या महिन्यात पंचाहत्तरावं लागतंय.

मी रायगड जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून तीस वर्षं काढली. लोक डॉक्टर म्हणायचे, मी डॉक्टर नव्हतो. सायकलला पिशवी लावून वाड्यावस्त्या फिरायचो. त्या पिशवीत नव्वदीच्या दशकात एक नवी बाटली आली, डायक्लोफिनॅकची. माणसाच्या सांधेदुखीवरचं औषध, ते जनावरांनाही चालू लागलं. स्वस्त, आणि गुण असा की सुई काढेपर्यंत मालकाचा चेहरा बदलायचा.

1998 चा मार्च असावा. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, कवळ (झाडांचा पाला) आणताना एका शेतकऱ्याचा बैल बांधावरून घसरला आणि पुढच्या पायाने लंगडा झाला. म्हातारा बैल, पण घरातल्या माणसासारखा. मी तीन दिवस इंजेक्शनं दिली. दुसऱ्या दिवशी तो उठून पेंढा खायला लागला, तेव्हा त्या माउलीने माझ्या हातात नारळ ठेवला. चौथ्या दिवशी पहाटे बैल गेला. वयच झालं होतं. चौघांनी दोरखंड बांधून त्याला गावाबाहेरच्या माळावर ओढून नेलं, जशी सगळी ढोरं नेत असत. दुपारपर्यंत आभाळात घिरट्या सुरू झाल्या. तेव्हा आमच्याकडे मेलेलं जनावर सकाळी टाकलं की संध्याकाळी नुसता सांगाडा असे, वास सुटायला वेळच मिळत नसे. गिधाडांची ती पंगत किळसवाणी दिसायची, पण काम चोख.

तीन दिवसांनी त्याच वाटेने परत आलो. माळाकडेच्या आंब्यावर सहा-सात गिधाडं बसली होती. माना खाली लोंबत होत्या, डुलकी लागल्यासारख्या. मी सायकलची घंटा वाजवली, हाकारलं, एकही उडेना. एक खाली करवंदीच्या जाळीत पडलेलं होतं, पंख अर्धवट उघडे. मला वाटलं ऊन लागलं असेल. घरी येऊन बायकोला म्हटलंसुद्धा, यंदा पाखरांनाही ऊन सोसवत नाही.

ती गिधाडं माझ्याच बैलाने मेली असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण पुढच्या पाच-सहा वर्षांत आमच्या भागातलं आभाळ रिकामं झालं, आणि बाटल्या मी रिकाम्या करत होतो.

कारण कळलं ते 2004 साली. लिंडसे ओक्स या अमेरिकी पशुवैद्यकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेली गिधाडं उघडून पाहिली. आतल्या अवयवांवर खडू फासल्यासारखा पांढरा थर होता, यूरिक ॲसिडचा. बैलाला जे औषध मानवतं त्याने गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात. नंतरच्या हिशेबात निघालं की शंभर मेलेल्या जनावरांतल्या एकातही ते औषध नसलं तरी गिधाडं संपायला पुरतं, कारण एका ढोरावर पन्नास-पन्नास उतरतात. मादी वर्षाला अंडं घालते एकच. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं हजारात एक उरली. लेखकमहाशयांच्या पाच महाविनाशांत इतकी घाई कुणी केली असेल तर त्यांनी जरूर कळवावं.

या साऱ्यात कोणी राक्षस नव्हता हो. कारखान्याचं धुराडं नाही, जंगलतोड नाही. एक लंगडा बैल, एक गरीब शेतकरी आणि मी. मला कोणी विचारलं नाही की हे औषध पुढे कुणाच्या पोटात जाणार, आणि मीही कोणाला विचारलं नाही. 2006 साली जनावरांसाठी बंदी आली. परिपत्रक आमच्या दवाखान्यात पोचलं ते लसीकरणाच्या तक्त्यांच्या गठ्ठ्यात, मी ते योगायोगाने वाचलं. पण माणसांसाठीची 30 मिलीची बाटली समोरच्या दुकानात मिळतच होती. आता 30 मिली डायक्लोफिनॅक कोणता माणूस एका वेळी टोचून घेतो? दुकानदाराला ठाऊक होतं, घेणाऱ्याला ठाऊक होतं. ती बाटली 3 मिलीवर आणायला 2015 उजाडलं. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न मारणारं औषध मधल्या काळात हाताशी असताना!

आणि 'माणूस राहिला तर राहिला' म्हणणाऱ्यांसाठी: गिधाडं गेल्यावर माळावरची ढोरं कुत्र्यांच्या वाट्याला आली. कुत्री वाढली, चावे वाढले, सडकं पाण्यात गेलं. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी 2024 साली हिशेब मांडला की 2000 ते 2005 या पाच वर्षांत गिधाडं नसल्यामुळे भारतात सुमारे 5 लाख माणसं जादा मेली. मुंबईत डुंगरवाडीवर, जिथे पारशी समाज आपले मृतदेह गिधाडांसाठी ठेवतो, तिथे ते उन्हाने सुकवायला आरसे बसवायची पाळी आली. आमच्या गावाला आरसे नाहीत. आम्ही ढोर पुरायला जेसीबी बोलावतो आणि त्याच्या तासाच्या भाड्यावरून भांडतो. ज्याला परवडत नाही तो रात्री ओढ्यात टाकून येतो.

निसर्ग सावरतो म्हणे. म्हसळा तालुक्यात चिरगावला गिधाडं अजून आहेत, ती आपोआप सावरली नाहीत. गावातल्या माणसांनी घरट्यांची झाडं राखली, मेलेली ढोरं त्यांच्यासाठी ठेवली, आणि त्यांच्यामागे काही वेडी माणसं वर्षानुवर्षं रानात बसली. लेखात त्यांच्यावर एक ओळ नाही. पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशाच्या पर्मियन युगावर मात्र दोन रकाने.

जाता जाता. तो लेख संपतो त्याच्या समोरच्या पानावर 'सह्याद्रीच्या कुशीत हक्काचा बंगला' अशी रंगीत जाहिरात आहे. चित्रात डोंगराचा उतार जेसीबीने पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला स्पष्ट दिसतो. पावसाळ्यात आम्ही इथे कड्याखाली झोपतो, तळियेला 2021 च्या जुलैत दरड कोसळून काय झालं ते आपल्याच अंकात वाचलं. संपादकीय विभाग आणि जाहिरात विभाग एकमेकांचं वर्तमानपत्र वाचतात का, एवढंच विचारायचं होतं.

शिवाय लेखासोबत 'निसर्गाचा सफाई कामगार: गिधाड' म्हणून छापलेला फोटो घारीचा आहे. शेपूट बघा, मधोमध खाचलेली आहे.

आपण पत्रं कापून छापता, याआधी माझी दोन कापलीत. जागा नसेल तर वरचा काळ्या कातळाचा परिच्छेद काढा. बैलाचा राहू द्या.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
रायगड जिल्हा