सौर पॅनेलचा सांगाडाही तपासला जावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रधानमंत्री सूर्यघर योजना २०२४ च्या फेब्रुवारीत आल्यापासून आमच्या दापोली-मंडणगड पट्ट्यात घराघरांच्या स्लॅबवर सौर पॅनेल दिसू लागली आहेत. तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळत असल्याने साध्या नोकरदारालाही तो परवडतो. मीही बसवून घेतला आणि विजेच्या बिलाबाबत माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती पॅनेल ज्यावर उभी असतात त्या लोखंडी सांगाड्याची.

गेल्या भाद्रपदात एका वादळी रात्री स्लॅबवरून सतत खटखट ऐकू येत होती. सकाळी वर जाऊन पाहिले, तर कडेच्या पॅनेलला सांगाड्याशी धरून ठेवणारे दोन क्लॅम्प सैल झाले होते आणि त्यातला एक नट मला नुसत्या बोटांनी फिरवता आला. बोल्टच्या बुडातून स्लॅबवर गंजाचा तपकिरी ओघळ उतरला होता. संच बसवून तेव्हा जेमतेम चौदा महिने झाले होते. जोडणीच्या वेळी तपासणीला आलेल्यांनी मीटर, इन्व्हर्टर, अर्थिंग सारे नीट पाहिले होते. सांगाड्याला मात्र कोणी हात लावून पाहिला नव्हता. बसवणाऱ्या ठेकेदाराला विचारले, तेव्हा 'पॅनेलचे वजनच एवढे आहे, कुठे जाणार?' असे उत्तर मिळाले.

हा गैरसमज आपल्याकडे फार पसरलेला आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता. या वेगाचा वारा दर चौरस मीटरला साधारण ५५ किलोचा दाब देतो. तीन किलोवॅटची सहा पॅनेल मिळून सुमारे पंधरा चौरस मीटर पृष्ठभाग होतो, म्हणजे त्यावर आठशे किलोच्या आसपास जोर येतो. उंची, कोन आणि कठड्याचा आडोसा यांप्रमाणे हा आकडा कमी-जास्त होईल. पण सहाही पॅनेलचे मिळून वजन पावणेदोनशे किलोच्या आतच असते, हे लक्षात घ्यावे. शिवाय वारा तिरक्या पॅनेलच्या खालून शिरला की तो त्यांना वर उचलतो. म्हणून पॅनेल पेलणे हे सांगाड्याचे निम्मेच काम असून, ती खाली धरून ठेवणे हे उरलेले आणि अधिक अवघड काम आहे.

स्लॅबला भोक पाडले तर गळती होईल या भीतीने आपण सांगाड्याच्या पायांखाली काँक्रीटचे ठोकळे ठेवून भागवतो. फूटभर लांबी-रुंदी-उंचीचा ठोकळा सत्तर किलोसुद्धा भरत नाही. असे चार ठोकळे वादळात पुरणार नाहीत. सांगाड्याचे पाय स्लॅबला जखडणारे अँकर बोल्ट स्लॅबमध्ये चिकटवणारे केमिकल भरून बसवावेत आणि त्यांच्याभोवती जलरोधक लेप देऊन उंचवटा करावा, म्हणजे गळतीचीही भीती राहत नाही. स्लॅबच्या कडेला आणि कोपऱ्यांत वाऱ्याची ओढ सर्वांत जास्त असल्याने सांगाडा कडेपासून आत घ्यावा. खाली कपडे वाळत घालता यावेत म्हणून तो आठ फूट उंच करण्याची हौस आपल्याकडे आहे. ती करायची असेल, तर पायांना तिरके आधार दिल्याशिवाय करू नये. कित्येकांनी तर स्लॅबवरच्या पत्र्याच्या शेडवरच पॅनेल चढवली आहेत. निसर्ग वादळात ज्यांचे पत्रे उडाले, त्यांना यातला धोका वेगळा सांगायला नको.

खाऱ्या वाऱ्याचा प्रश्न याहून चिवट आहे. पातळ जस्त चढवलेल्या पत्र्यापासून वळवलेला पाइप आणि तयार झाल्यावर वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला सांगाडा हे दोन्ही नवे असताना सारखेच चकाकतात. पहिल्यावरचा थर वीस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास किंवा त्याहून कमी असतो. दुसऱ्याचा ८० मायक्रॉनपर्यंत मिळतो आणि किनाऱ्यावर तोच मागून घ्यावा. चांगला सांगाडा आणूनही जागेवर वेल्डिंग केले, तर सांध्यापाशी जस्त जळून जाते आणि गंजाला तिथूनच वाट मिळते. म्हणून सांधे नटबोल्टचे असावेत, नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत, आणि जिथे स्टील पॅनेलच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीला टेकते तिथे रबरी वॉशर असावा; नाहीतर खारट ओलाव्यात या दोन धातूंच्या संगतीने ॲल्युमिनियम झिजत जाते.

वाऱ्याचा भार कसा मोजावा हे आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात दिलेले आहे. तेव्हा किनारपट्टीच्या तालुक्यांत अनुदानाच्या अर्जासोबत त्या हिशेबाने केलेला आणि अभियंत्याने सही केलेला सांगाड्याचा आराखडा सक्तीचा करावा, तसेच जोडणीपूर्वीच्या तपासणीत अँकर, क्लॅम्प आणि जस्ताचा थर यांची नोंद व्हावी, अशी माझी संबंधित यंत्रणेला आग्रहाची विनंती आहे. यासाठी ग्राहकाला चार-पाच हजार रुपये जास्त पडले तरी चालतील. सैल पॅनेल वाऱ्याने हलून वायर तुटली, तर इन्व्हर्टर बंद असला तरी उन्हात त्या वायरमध्ये शेकडो व्होल्टचा दाब असतो. आणि पॅनेल उडालेच, तर ते शेजाऱ्याच्या अंगणात पडणार आहे.

ज्यांचे संच आधीच बसले आहेत, त्यांनी आगोटीला कौले शाकारतो त्याच सुमारास जाणकार माणसाकडून प्रत्येक नट पान्याने आवळून घ्यावा. मी यंदा मे महिन्यात ते करून घेतले, तेव्हा बत्तीसपैकी सात नट बदलावे लागले.

आपला,
एक वाचक, हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी