पीएसए चढला म्हणून लगेच इंजेक्शन नको

महोदय,

प्रोस्टेटच्या कॅन्सरवर रेडिएशन झालेल्या रुग्णाचा पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींतून रक्तात येणारे प्रथिन) काही वर्षांनी पुन्हा चढू लागला, की अनेकदा पहिली चिठ्ठी निघते ती पुरुषी हार्मोन दाबणाऱ्या इंजेक्शनची. आकडा खाली येतो, घरचे निर्धास्त होतात. पण त्याने आजार दबतो, मुळातून जात नाही. शिवाय नंतरच्या पेट स्कॅन आणि बायोप्सीचा अर्थ लावणे कठीण होऊन बसते. म्हणून तपासण्या आधी.

रेडिएशननंतर पीएसए जितका खाली उतरला, त्याच्या वर 2 (नॅनोग्रॅम प्रति मिली) चढला तर आजार परतला असे धरतात, नीचांक 0.4 असेल तर 2.4. त्याहून कमी वाढ, विशेषतः ब्रॅकीथेरपीनंतरच्या (ग्रंथीतच किरणोत्सारी स्रोत ठेवून दिलेल्या रेडिएशननंतरच्या) पहिल्या दोन-तीन वर्षांत, आपोआप उतरूही शकते. पुढे पीएसएमए पेट-सीटी (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी शरीरात कुठे आहेत ते दाखवणारा स्कॅन), एमआरआय आणि बायोप्सी. बायोप्सी रेडिएशननंतर दोन वर्षांच्या आत घेतली तर फसवते, कारण मरू घातलेल्या पेशीही तिच्यात दिसतात.

आजार प्रोस्टेट ग्रंथीपुरताच असेल तर ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया, क्रायो (गोठवून पेशी मारणे), हायफू (ध्वनिलहरींच्या उष्णतेने जाळणे) की पुन्हा रेडिएशन? दीडशे अभ्यास एकत्र करून 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात पाच वर्षे आजार न परतण्याचे प्रमाण क्रायोत 50 टक्के, तर पुन्हा रेडिएशनच्या दोन प्रकारांत, म्हणजे एचडीआर (जास्त तीव्रतेच्या स्रोताची) ब्रॅकीथेरपी व एसबीआरटीत (बाहेरून नेमके, मोजक्या मोठ्या डोसांत दिलेले रेडिएशन), 60 टक्के निघाले. शस्त्रक्रियेशी तुलना करता एकाही उपचारात ठोस फरक नव्हता. फरक त्रासात होता. लघवीच्या गंभीर तक्रारी शस्त्रक्रिया आणि हायफूनंतर 21 टक्क्यांहून जास्त, पुन्हा रेडिएशन दिलेल्यांत साधारण 4 ते 8 टक्के. रेडिएशन झालेली ग्रंथी गुदाशयाला चिकटलेली असते, तिथला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. त्यामुळे ग्रंथी काढल्यावर मूत्राशय आणि मूत्रमार्ग यांचा घातलेला जोड अनेकदा नीट भरून येत नाही, आकसतो, किंवा लघवी धरवत नाही. शस्त्रक्रियेला रोबो आणला म्हणून ऊती नव्या होत नाहीत!

अर्थात या समोरासमोरच्या चाचण्या नव्हेत, आणि प्रत्येक उपचारासाठी निवडलेले रुग्णही सारखे नव्हते. लघवी आधीच अडत असेल किंवा शौचावाटे रक्त जात असेल, तर पुन्हा रेडिएशनही जोखमीचे. वय जास्त आणि पीएसए संथ चढत असेल, तर नुसते लक्ष ठेवणेही रास्त.

दुसरे मत घ्यायला जाताना जुन्या रेडिएशनचा प्लॅन न्यावा: एकूण किती ग्रे (रेडिएशनच्या डोसाचे एकक), किती फ्रॅक्शन (किती वेळा विभागून दिले), मूत्राशय व गुदाशयाला किती डोस गेला. डिस्चार्ज कार्डावर बहुधा एवढे नसते. रेडिएशन विभागाकडे अर्ज करून प्रत मागावी.

– एक युरॉलॉजिस्ट, पुणे