पंधराव्या जागेचे काय झाले?

महोदय,

१८७६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीवरील रविवारच्या लेखात, सर्वोच्च न्यायालयाचे न्या. डेव्हिड डेव्हिस यांनी सेनेटच्या मोहापायी निवाडा टाळला, असे म्हटले आहे. हे अर्धेच खरे आहे. वादग्रस्त २० इलेक्टोरल (राज्यांच्या निर्वाचकांच्या) मतांचा निवाडा करणाऱ्या आयोगात पाच सेनेटर, पाच प्रतिनिधी आणि पाच न्यायमूर्ती होते. कायद्याने नेमलेले चार न्यायमूर्ती दोन्ही पक्षांत सारखे विभागलेले, म्हणून पाचवा निवडायचे काम त्यांच्यावरच सोपवले होते. अपेक्षा अपक्ष वृत्तीच्या डेव्हिस यांची होती. पण जानेवारी १८७७ मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळात डेमोक्रॅट सदस्यांनीच मते देऊन त्यांना सेनेटवर पाठवले. हा डाव डेमोक्रॅटांच्याच अंगाशी आला! जागा रिपब्लिकन न्या. ब्रॅडली यांना मिळाली, निर्णय ८ विरुद्ध ७ असे लागले आणि रिपब्लिकन उमेदवार हेज १८५ विरुद्ध १८४ ने जिंकले.

डेव्हिस यांना दोष द्यायचाच, तर वेगळ्या मुद्द्यावर द्यावा. न्यायमूर्तिपद त्यांनी मार्चपर्यंत सोडले नव्हते. आयोगावर बसण्यास कायद्याची आडकाठी नव्हती, तरी ते बसले नाहीत. नागरी न्यायालये चालू असताना नागरिकांवर लष्करी आयोगापुढे खटला चालवता येत नाही, हा १८६६ चा निकाल लिहिणारे, तोही स्वतःला नेमणाऱ्या लिंकन यांच्या सरकारने चालवलेल्या खटल्यात, हेच डेव्हिस होते. लेखात त्याचा उल्लेखही नाही.

– एक वाचक, पुणे