कॅच्ड, ब्रिंग्ड आणि 'जाला'

पुणे, रात्रीचे अडीच

प्रिय ओम,

तू शाळेतून येशील तेव्हा मी हॉस्पिटलची रात्रपाळी करून झोपलेली असेन, म्हणून हे तुझ्या टेबलावर ठेवतेय. गादीखालचा इंग्रजीचा पेपर सापडला. वीसपैकी नऊ. लपवायची गरज नव्हती, पण ते जाऊ दे.

'कॅच्ड' आणि 'ब्रिंग्ड'वर बाईंनी लाल रेघ मारलीय, ती बरोबरच आहे. मला मात्र हसू आलं. तीन वर्षांचा होतास तेव्हा आजीला सांगायचास, "बाबा ऑफिसला जाला." बसचं बसला, उठचं उठला, मग जाचं जाला का नाही? डोकं चालवूनच चुकत होतास. 'गेला' तुला कोणी पाठ करायला लावलं नाही, घरात ऐकून ऐकून जिभेवर बसलं. आणि गंमत म्हणजे 'जाणे' संस्कृतच्या 'या' धातूवरून आलं, 'गेला' मात्र 'गम्'वरून. इंग्रजीतही 'गो'ला स्वतःचा भूतकाळ उरला नाही. 'वेंट' हे 'वेंड' या दुसऱ्याच जुन्या क्रियापदाकडून घेतलेलं.

अप्पा बळवंत चौकातून आणलेला क्रियापदांचा तक्ता तू पाढ्यांसारखा ए-बी-सीच्या क्रमाने घोकतोस. त्यापेक्षा आवाजाने जोड्या लाव. सिंग-सँग-संग म्हटलं की रिंग, ड्रिंक, स्विम, बिगिन त्याच चालीवर येतात. ब्रिंग, बाय, थिंक, कॅच, टीच यांचं शेपूट सारखं: ब्रॉट, बॉट, थॉट, कॉट, टॉट. कट, पुट, शट बिचारे बदलतच नाहीत. 'रीड' तेवढा लबाड, स्पेलिंग तेच, भूतकाळात उच्चार 'रेड'.

मी हे कुठे शिकले माहितीय? वॉर्डात. नवीन असताना नोट्समध्ये लिहिलं, "पेशंट ड्रिंक्ड टी." सिस्टर इनचार्जनी काही न बोलता खोडून वर 'ड्रँक' लिहिलं. तेव्हापासून रोज पहाटे 'स्लेप्ट वेल', 'टूक ब्रेकफास्ट' लिहून लिहून हात बसला.

तुला 'एट' आणि 'हॅज ईटन'मधला फरक कळत नाही ना? ऑपरेशनच्या आधी डॉक्टर विचारतात, "हॅज ही ईटन एनीथिंग?" पोटात आत्ता काही आहे का, हे त्यांना हवं असतं. कधी खाल्लं ते सांगायचं झालं की "ही एट ॲट टेन." वेळ आली की 'हॅज' गेलं. आपण मराठीत "काल पाहिलंय" बिनधास्त म्हणतो, म्हणून तू 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' लिहिलंस.

'डिड नॉट वेंट'चंही तेच. आपल्याकडे "गेलो"चं "गेलो नाही" होतं, गेलो हलत नाही. तिकडे भूतकाळाचं ओझं 'डिड' एकटा उचलतो, म्हणून पुढे साधं 'गो'. ही चूक माझ्याकडून अजूनही घाईत होते, बाबांना सांगू नकोस.

तक्ता आता कपाटात टाक. रात्री जेवताना दिवसभरात काय काय केलंस ते आजीला इंग्रजीत सांग, पाच वाक्यं बास. तिला कळणार नाही, म्हणून तू लाजणारही नाहीस. रविवारी मी ऐकेन.

चार नंबरच्या पेशंटची बेल वाजतेय. 'द बेल रँग' लिहीपर्यंत दुसऱ्यांदा वाजली. पळते.

तुझी
आई